बफरची गणितं: आधी हिशोब, मग फॉर्म्युला

एस.वाय. बीएससीच्या एका मुलीने विचारलंय: "ताई, १०० मिली ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये ५० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं तर पीएच किती, या गणिताचं माझं उत्तर ४.४६ येतंय आणि पुस्तकात ४.७६ दिलंय. दुसरं म्हणजे प्रॅक्टिकलला ०.१ मोलरचा फॉस्फेट बफर केला, दोन्ही सॉल्ट सारख्या मोलने घेतली, हिशोबाने ७.२ यायला पाहिजे होता पण मीटर ६.८२ दाखवत होता. मग फॉर्म्युला चुकतोय, मीटर चुकतोय का मी चुकतेय?"

तुझे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात पण दोन्हीची दुखणी वेगळी आहेत. पहिल्यात तू चुकली आहेस. दुसऱ्यात तू पण बरोबर आहेस आणि मीटर पण बरोबर आहे, फक्त पुस्तकातल्या ७.२ ला एक अट असते ती तुला कोणी सांगितली नाही. मी अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बावीस वर्षं काढली, रोज सकाळी पहिलं काम बफर बनवायचं, म्हणजे थोडं ॲसिड किंवा बेस पडलं तरी पीएच फारसा हलू न देणारं सोल्यूशन, त्यामुळे या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, जरा लांब होईल पण नीट वाच.

पहिलं गणित घेऊ. तुझं ४.४६ कुठून आलं ते मी न बघताच सांगते. तू ॲसिड १० मिलीमोल घेतलंस (१०० मिली गुणिले ०.१), बेस ५ मिलीमोल घेतलास, ५ भागिले १० म्हणजे अर्धा, अर्ध्याचा लॉग उणे ०.३०, आणि ॲसिटिक ॲसिडच्या पीकेए मधून (ॲसिड किती सहज हायड्रोजन सोडतं त्याचा आकडा), म्हणजे ४.७६ मधून, ०.३० गेले की ४.४६. बरोबर ना? आकडेमोड एकदम चोख आहे, पण बीकरमध्ये तसं काही नाहीच आहे. सोडियम हायड्रॉक्साइड ॲसिडच्या शेजारी गप्प बसून राहत नाही, ते पडल्या पडल्या ॲसिडला खाऊन टाकतं. ५ मिलीमोल सोडियम हायड्रॉक्साइड आलं, त्याने १० मधलं ५ मिलीमोल ॲसिड संपवलं आणि त्याच्या जागी ५ मिलीमोल ॲसिटेट तयार केलं. आता बीकरमध्ये काय आहे? ५ ॲसिड, ५ ॲसिटेट. भागाकार १, लॉग शून्य, पीएच बरोबर पीकेए, ४.७६. झालं.

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो. पीएच बरोबर पीकेए अधिक लॉग, कंसात बेस भागिले ॲसिड. अमेरिकेतल्या हेंडरसनने १९०८ मध्ये रक्तावर काम करताना मूळ समीकरण मांडलं आणि डेन्मार्कच्या हॅसलबाल्कने १९१६ मध्ये ते लॉगमध्ये लिहिलं, कारण मधल्या काळात, १९०९ मध्ये, सोरेन्सनने पीएच ही कल्पना दिली होती. पाठांतराला सोपा आहे म्हणूनच घात होतो. मुलं गणितातले दिसतील ते दोन आकडे उचलतात आणि फॉर्म्युल्यात कोंबतात. फॉर्म्युल्यात जाणारे आकडे म्हणजे रिॲक्शन होऊन गेल्यावर बीकरमध्ये जे उरलंय ते. बाटलीवर लिहिलेलं नाही, तू पिपेटने टाकलेलं पण नाही. म्हणून मी लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायचे की आधी हिशोब, मग फॉर्म्युला, आणि हिशोब मिलीमोलमध्ये कर, मोलॅरिटीत करू नको, कारण मिलीमोलमध्ये केलास की एकूण व्हॉल्यूम किती झालं याची कटकटच नाही, वर आणि खाली एकाच बीकरचं व्हॉल्यूम असतं ते कटून जातं.

हे डोक्यात बसायला बेस्टच्या बसमधला कंडक्टर डोळ्यांसमोर आण. त्याच्या चामडी बॅगेत नोटाही असतात आणि सुट्टे पण असतात. कोणी नोट पुढे केली की ती बॅगेत जाते आणि तेवढेच सुट्टे बाहेर येतात, कोणी चिल्लर घेऊन आला आणि नोट मागितली की उलटं होतं. नोटा जितक्याच्या वाढल्या तितक्याचेच सुट्टे कमी झाले, एका बाजूला अधिक केलं तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजा करायलाच लागतं, आणि तू नेमकं हेच वजा करायला विसरलीस. बॅगेत दोन्ही असेल तर कंडक्टर दिवसभर कोणाचंही काम भागवतो, सकाळी सकाळी सगळ्यांनी शंभराच्या नोटा पुढे केल्या आणि सुट्टे संपले की मात्र तो हात वर करतो. बफरचं पण तेच. नोटा आणि सुट्टे यांचं प्रमाण म्हणजे पीएच, आणि बॅगेत एकूण किती पैसे आहेत ती कपॅसिटी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायम लक्षात ठेव.

आता याच बीकरशी थोडं खेळू. ५ ॲसिड, ५ ॲसिटेट, एकूण १५० मिली. यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली टाकलं, म्हणजे १ मिलीमोल. हे ॲसिड ॲसिटेटला खाणार, ॲसिटेट ५ चं ४ झालं, ॲसिड ५ चं ६ झालं. ४ भागिले ६ चा लॉग उणे ०.१८, पीएच ४.५८. म्हणजे ०.१८ ने हलला. तेच १० मिली ॲसिड १५० मिली साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलं असतंस तर १ मिलीमोल १६० मिलीत, ०.००६२५ मोलर, पीएच २.२. सात वरून सरळ सव्वादोनच्याही खाली! हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघ, बफर काय करतो ते यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

आता त्याच मूळ बफरमध्ये १० ऐवजी ६० मिली ॲसिड टाक. ६ मिलीमोल आलं आणि ॲसिटेट आहे फक्त ५. फॉर्म्युल्यात ५ वजा ६ असं उणे १ घालून लॉग काढायला गेलीस तर कॅल्क्युलेटर एरर दाखवेल, आणि परीक्षेत मुलं इथे घाबरून बॅटरी गेली का बघतात. कॅल्क्युलेटर बरोबर सांगतोय की सुट्टे संपले, बफर उरलाच नाही. उरलं काय तर १ मिलीमोल स्ट्रॉंग ॲसिड २१० मिलीमध्ये, म्हणजे ०.००४७६ मोलर, पीएच २.३२. ॲसिटिक ॲसिड पण आहे त्यात पण ते इतकं वीक की स्ट्रॉंग ॲसिडसमोर त्याला धरायची गरज नाही. आणि समज उलट, मूळ १०० मिली ॲसिटिक ॲसिडमध्ये ५० ऐवजी बरोबर १०० मिली सोडियम हायड्रॉक्साइड गेलं तर ॲसिड शून्य, नुसतं सोडियम ॲसिटेट, १० मिलीमोल २०० मिलीत म्हणजे ०.०५ मोलर. हे पण बफर नाही, हे सॉल्ट हायड्रॉलिसिसचं गणित, ७ अधिक अर्धा गुणिले कंसात ४.७६ अधिक लॉग ०.०५, उत्तर ८.७३. म्हणजे एकाच बीकरमध्ये किती ओतलं त्यावर गणिताचा प्रकारच बदलतो, आणि कुठला प्रकार आहे हे फॉर्म्युला तुला सांगणार नाही, मिलीमोलचा हिशोब सांगेल.

अमोनियाच्या बफरला तुम्हाला अजून पीओएच आणि पीकेबीने शिकवतात, ४.७५ घेऊन, मग चौदातून वजा करून. ते सोडून दे. अमोनियम आयनचा पीकेए ९.२५ धर आणि वरचाच फॉर्म्युला वापर, वर अमोनिया, खाली अमोनियम. एकच फॉर्म्युला सगळीकडे चालवला की वर काय खाली काय हा गोंधळ राहत नाही, ज्याच्याकडे एक हायड्रोजन कमी तो वर. पाण्याचा हार्डनेस काढताना तुम्ही ईडीटीएच्या टायट्रेशनला जो पीएच १० चा बफर घालता, त्याची कृती लॅबच्या भिंतीवर चिकटवलेली असते बघ, १७.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, १४२ मिली कॉन्सन्ट्रेटेड अमोनिया, पाण्याने २५० मिली. कोणी हिशोब करून बघत नाही, तू कर. १७.५ भागिले ५३.५ म्हणजे ०.३३ मोल, अमोनिया साधारण १४.८ मोलर असतो म्हणजे १४२ मिलीत २.१ मोल. प्रमाण ६.४, लॉग ०.८१, आणि ९.२५ मध्ये मिळवले की १०.०६. भिंतीवरची कृती हवेतून आलेली नाही हे कळलं की त्या कागदाकडे बघायची नजर बदलते. आणि हेही कळतं की अमोनियाची बाटली मार्चपासून सारखी उघडझाप करून मे महिन्यात अर्धी उडून गेली असेल तर तो १४.८ मोलर राहिलेला नाही आणि तुझा पीएच १० च्या खाली बसणार, मग इरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा लाल ते निळा बदल झटकन न होता जांभळ्यात रेंगाळतो. एंडपॉइंट नीट दिसत नाही म्हणून मुलं इंडिकेटर जास्त जास्त टाकत बसतात, दोष बाटलीचा असतो.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला, कारण मीटरवर दिसलं ते तू लपवलं नाहीस.

फॉस्फेटचा दुसरा पीकेए ७.२०. दोन्ही सॉल्ट सारखी, लॉग शून्य, पीएच ७.२० यायला पाहिजे. आला ६.८२. तू मीटर कॅलिब्रेट करायला ६.८६ चा स्टँडर्ड वापरला असशील तर तो कशाचा बनतो माहितीये? पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, दोन्ही सारखे, प्रत्येकी ०.०२५ मोलल, २५ डिग्रीला. म्हणजे तुझाच बफर, फक्त अर्ध्या स्ट्रेंथचा! जगभर ज्याच्यावर मीटर लावतात तो सारख्या मोलचा फॉस्फेट बफर ६.८६ दाखवतो, ७.२० नाही. तू त्याच्या दुप्पट कडक केलास तर ६.८२ आला. तुझं वजन, तुझं मीटर, सगळं जागेवर आहे.

कारण असं की ७.२० हा आकडा अतिशय पातळ सोल्यूशनचा आहे, जिथे आयन एकमेकांपासून इतके लांब असतात की एकमेकांची दखल घेत नाहीत. ०.१ मोलरमध्ये गर्दी असते. प्रत्येक निगेटिव्ह आयनभोवती पॉझिटिव्ह आयन गोळा होतात आणि तो जितका आहे तितका जाणवत नाही, त्याची चलती कमी होते, याला ॲक्टिव्हिटी म्हणतात, आणि फॉर्म्युल्यात खरं तर कॉन्सन्ट्रेशन नाही, ॲक्टिव्हिटी जायला पाहिजे. डेबाय आणि ह्युकेलने १९२३ मध्ये याचं गणित मांडलं, त्यात चार्जचा वर्ग येतो. म्हणून दोन चार्जचा हायड्रोजन फॉस्फेट एक चार्जवाल्या डायहायड्रोजन फॉस्फेटपेक्षा चौपट मार खातो, वरचा आकडा कमी झाला की पीएच खाली. ॲसिटेटमध्ये एकाच बाजूला एकच चार्ज आहे, ॲसिटिक ॲसिडला चार्जच नाही, म्हणून तिथे फरक ०.१ च्या आसपास पडतो, फॉस्फेटमध्ये त्याच्या तिप्पट, ०.३ ते ०.४. तुमच्या पुस्तकातली गणितं बहुतेक ॲसिटेटवर असतात म्हणून ही गोष्ट झाकली जाते.

माझ्या रोजच्या कामातलं उदाहरण देते. गोळी आतड्यात कशी विरघळेल ते बघायला डिसोल्यूशन टेस्ट करतात, ३७ डिग्रीला सहा भांडी, बहुतेक वेळा प्रत्येकी ९०० मिली, म्हणजे साडेपाच लिटर बफर लागतोच. त्यात पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर फार चालतो. त्याची फार्माकोपियाची (औषधांच्या मानकांच्या अधिकृत पुस्तकाची) कृती आहे ५० मिली ०.२ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, २२.४ मिली ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्याने २०० मिली. बघितलंस का, हे तुझंच पहिलं गणित आहे, ॲसिडमध्ये थोडं सोडियम हायड्रॉक्साइड. हिशोब कर: १० मिलीमोल ॲसिड, ४.४८ मिलीमोल बेस, उरलं ५.५२ ॲसिड, झाला ४.४८ बेस, लॉग उणे ०.०९, आणि ७.२० ने काढलं तर ७.११. पण हा बफर प्रत्यक्षात ६.८ येतो, हजारो लॅबमध्ये रोज येतो. तोच ०.३ चा फरक. कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी हा हिशोब करून घाबरले होते, कृती चुकलीये असं वाटून सीनियर बाईंकडे वही घेऊन गेले. बाईंनी ६.८६ च्या स्टँडर्डच्या पाकिटावर काय लिहिलंय ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की आता परत हिशोब कर, पीकेए ६.८ ते ६.९ धरून. आला ६.८. त्या दिवसापासून ०.०५ ते ०.१ मोलर फॉस्फेटला मी डोक्यात ७.२ धरतच नाही. परीक्षेत अर्थात ७.२ च धर, पेपरात ॲक्टिव्हिटी विचारलेली नसते, पण जर्नलमध्ये आलेलं रीडिंगच लिही, ६.८२, आणि शेजारी टेंपरेचर.

टेंपरेचर का ते पण सांगते. फॉस्फेट त्या बाबतीत गुणी आहे, डिग्रीला ०.००३ च्या आसपासच हलतो. पण बायोटेकवाले जो ट्रिस नावाचा बफर वापरतात तो डिग्रीला ०.०२८ ने खाली येतो. २५ डिग्रीला ८.० वर सेट केलेला ट्रिस ४ डिग्रीच्या कोल्ड रूममध्ये नेलास तर २१ डिग्रीचा फरक, म्हणजे जवळजवळ ०.६, तो ८.६ होतो. मुंबईत मे महिन्यात एसी बंद पडला आणि लॅब ३३ वर गेली तर तोच बफर ७.८ च्या घरात. आणि इथे एक गैरसमज मी चांगल्या चांगल्या लोकांत पाहिलाय, की मीटरला ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशन आहे ना, मग काळजी नाही. ते कॉम्पेन्सेशन इलेक्ट्रोडच्या स्लोपसाठी असतं, २५ डिग्रीला एका पीएचला ५९.२ मिलीव्होल्ट, तो आकडा टेंपरेचरने बदलतो तेवढंच ते सांभाळतं. तुझ्या बफरचा पीकेए हलला तर मीटर तो दुरुस्त करत नाही, जे आहे ते दाखवतो, आणि तेच त्याचं काम.

आता उलटा प्रवास, म्हणजे पीएच दिलाय आणि बफर बनवायचाय. नोकरीत हेच लागतं. समज एक लिटर ०.१ मोलर ॲसिटेट बफर, पीएच ५.० पाहिजे. ५.० वजा ४.७६ म्हणजे ०.२४, कॅल्क्युलेटरवर शिफ्ट लॉग दाबून १० चा ०.२४ वा घात काढ, १.७४. म्हणजे एक भाग ॲसिडला १.७४ भाग ॲसिटेट. एकूण २.७४ भाग म्हणजे १०० मिलीमोल, तर ॲसिटेट ६३.५ आणि ॲसिड ३६.५ मिलीमोल. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड साधारण १७.४ मोलर, म्हणजे २.१ मिली. इथपर्यंत सगळे बरोबर येतात.

घोळ होतो तो ॲसिटेट तोलताना. मी आधी जिथे होते तिथली गोष्ट. ट्रेनी मुलगा हुशार होता, वहीत सगळं स्वच्छ लिहिलेलं, ६३.५ मिलीमोल गुणिले ८२.०३, ५.२१ ग्रॅम, तोलून घातलं, आणि मीटर ४.७ वर. खरं तर ॲक्टिव्हिटी धरून ४.९ च्या जवळ यायला पाहिजे होता. त्याने मीटर तीनदा कॅलिब्रेट केला, इलेक्ट्रोड बदलला, अर्धी सकाळ गेली. मी त्याला म्हटलं बाटली घेऊन ये. लेबलवर सोडियम ॲसिटेटच्या पुढे बारीक अक्षरात ट्रायहायड्रेट. म्हणजे प्रत्येक मोलबरोबर तीन पाणी, मोलर मास १३६.०८. त्याने तोललेल्या ५.२१ ग्रॅममध्ये ६३.५ नाही, ३८.३ मिलीमोलच ॲसिटेट होतं. ३८.३ भागिले ३६.५ चा लॉग ०.०२, कागदावर ४.७८, आणि गर्दीचे ०.१ वजा केले की मीटरवाला ४.७. मीटर सकाळपासून खरं बोलत होता. त्याला पाहिजे होते ८.६४ ग्रॅम. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटमध्ये तर हे अजून वाईट, निर्जल १४१.९६, दोन पाण्याचा १७७.९९ आणि बारा पाण्याचा ३५८.१४, तिन्ही पांढरे, तिन्ही एकाच कपाटात. म्हणून वहीत नुसतं नाव लिहू नको, लेबलवरचं पाणी आणि मोलर मास पण लिही, आणि ते कपाटासमोर उभं राहून लिही, आठवून नको.

तसंच सोडियम हायड्रॉक्साइडचं. जुलैत पेलेट्स बटर पेपरवर काढून बघ, वजन स्थिर होईपर्यंत त्यांच्याभोवती चकचकीत ओल धरते आणि आकडा हळूहळू चढत जातो, तू सोडियम हायड्रॉक्साइड तोलतेयस का मुंबईची हवा हेच कळत नाही. शिवाय ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पण ओढतं. म्हणून ४ ग्रॅम तोलून लिटर केलं म्हणजे ०.१ मोलर झालं असं नसतं, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने टायट्रेट करून खरी मोलॅरिटी काढायची आणि तो आकडा हिशोबात घ्यायचा. वरच्या २२.४ मिलीमध्ये याचा फरक लगेच दिसतो.

कुठला बफर कुठे चालतो याला पीकेएच्या आसपास एक वर एक खाली असा नियम सांगतात, प्रमाण १० ला १ पासून १ ला १० पर्यंत. हा नियम पाळ, मी पाळला नाही तेव्हा महागात पडलंय. एका एचपीएलसी (औषधातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजायचं तंत्र) मेथडमध्ये मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारं सोल्यूशन, २० मिलीमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा, पीएच ४.६ लिहिलेला. आता ४.६ हा फॉस्फेटच्या २.१५ पासून पण लांब आणि ७.२० पासून पण लांब, मधोमध. दिसायला बफर, नावाला फॉस्फेट, पण कपॅसिटी पीकेएवर असते त्याच्या चाळीसाव्या भागाइतकी. ऑर्थोफॉस्फोरिक ॲसिडचा एक थेंब इकडे तिकडे झाला की पीएच हलायचा आणि रोज पीक वेगळ्या मिनिटाला यायचं. कॉलम बदलून झाला, पंप तपासून झाला. शेवटी ॲसिटेट बफर वापरून मेथड नव्याने बसवली, त्या पीएचला ॲसिटेट म्हणजे घरचंच मैदान, आणि पीक जागेवर बसलं. अमोनियम ॲसिटेटचं पण तसंच, पाण्यात टाकला की पीएच ७ च्या आसपास येतो म्हणून लोक त्याला ७ चा बफर समजतात, प्रत्यक्षात तो ४.७६ जवळ आणि ९.२५ जवळ बफर करतो, ७ ला त्याच्यात काही दम नाही. पीएच ७ असणं आणि ७ वर टिकून राहणं यात फरक आहे.

रक्तात मात्र या नियमाच्या बाहेर जाऊन सुंदर काम चालतं. बायकार्बोनेट २४ मिलीमोलर, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ०.०३ गुणिले ४० (त्याचा रक्तातला दाब, मिलिमीटर पाऱ्यात) म्हणजे १.२, प्रमाण २० ला १, लॉग १.३, शरीराच्या तापमानाला पीकेए ६.१, म्हणून ७.४. बंद बीकरमध्ये हा बफर ७.४ ला कमकुवत ठरला असता, पण इथे बीकर उघडा आहे, ॲसिड वाढलं की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि फुप्फुसं तो बाहेर टाकतात. कंडक्टरच्या बॅगेतल्या जास्तीच्या नोटा डेपोत जमा होत राहाव्यात तसं.

आणि फॉर्म्युला स्वतः कुठे खोटा पडतो? जिथे हायड्रोजन आयन स्वतःच बफरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या जवळ येतो तिथे. फॉस्फोरिक ॲसिड आणि त्याचं डायहायड्रोजन सॉल्ट, दोन्ही ०.०१ मोलर, फॉर्म्युला म्हणेल २.१५. पण २.१५ म्हणजे हायड्रोजन आयन ०.००७ मोलर, आणि तो आला कुठून? त्या ०.०१ ॲसिडमधूनच सुटून. मग ॲसिड ०.०१ राहिलंच नाही. इथे एक्स धरून क्वाड्रॅटिक सोडवावं लागतं, एक्स गुणिले कंसात ०.०१ अधिक एक्स, भागिले ०.०१ वजा एक्स, बरोबर ०.००७१. एक्स येतो ०.००३४५, पीएच २.४६. ०.३ चा फरक, आणि हा ॲक्टिव्हिटीचा नाही, साध्या हिशोबाचा आहे. पीएच ३ च्या खाली किंवा ११ च्या वर असेल, किंवा बफर फारच पातळ असेल, तर फॉर्म्युला वापरण्याआधी एकदा हे तपासून बघ.

पाणी घालून पातळ केला तर पीएच बदलत नाही असं शिकवतात, प्रमाण तेच राहतं म्हणून. ॲसिटेटला बऱ्यापैकी खरं आहे. फॉस्फेटला नाही, गर्दी कमी झाली की पीएच वर सरकतो, म्हणूनच दहापट कडक पीबीएसचा (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरचा) स्टॉक ६.८ च्या आसपास असतो आणि पातळ केल्यावर ७.४ जवळ येतो. स्टॉकलाच ७.४ करून ठेवलंस तर पातळ केल्यावर चुकेल.

पीएच लावताना ॲसिड जास्त पडलं म्हणून बेस, बेस जास्त पडला म्हणून परत ॲसिड असं करत बसू नको, प्रत्येक वेळी सॉल्ट वाढतं आणि आयन वाढले की वर सांगितलेला फरकही वाढतो. फार पुढे गेलं तर ओतून दे आणि नवीन कर. आधी साधारण ८०० ते ९०० मिलीत लाव, मग मार्कपर्यंत पाणी घाल. आणि एचपीएलसीला मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल मिसळायच्या आधीच पीएच बघायचा, नंतरच्या रीडिंगला पाण्याच्या स्केलवर अर्थ राहत नाही.

एक गणित देते, ते करून बघ. २०० मिली बफर, ॲसिटिक ॲसिड ०.१ मोलर आणि सोडियम ॲसिटेट ०.१ मोलर, त्यात ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली टाकलं. आधी चार ओळींत मिलीमोलचा हिशोब लिही, काय होतं, काय आलं, काय संपलं, काय उरलं, मग लॉग. उत्तर ४.९४ यायला पाहिजे, आणि ४.७६ किंवा ४.८४ आलं तर हिशोबाच्या ओळी मला पाठव, उत्तर नको, ओळी.